रंगमंचापुढच्या खड्ड्यातून

झुबिन मेहता हे नाव मराठी वाचकाला माहीत आहे, काम माहीत नाही. मुंबईत जन्मलेला पारशी मुलगा, जगभर गाजला, तरी पासपोर्ट भारतीयच ठेवला, १९६६ साली पद्मभूषण आणि २००१ साली पद्मविभूषण झाला, एवढ्यावर आपली ओळख संपते. अभिमान बाळगायला एवढे पुरते. पण हा माणूस व्यासपीठावर उभा राहून नेमके करतो काय, असे विचारले की सवाई गंधर्व महोत्सवात चाळीस-चाळीस वर्षे न चुकता हजेरी लावणारा पुणेरी कानसेनही चाचरतो. काठी हलवतो, असे उत्तर येते. मागोमाग ठरलेला खवचट प्रश्न येतो: समोर प्रत्येकाच्या पुढ्यात नोटेशन आहे, वाजवणारे सगळे तयारीचे, मग हे गृहस्थ नसते तर मंडळी वाजवायची थांबली असती का?

प्रश्न खवचट असला तरी रास्त आहे. पाश्चात्त्य संगीतावर मराठीत जे थोडेफार लिहिले गेले त्यात त्याला सरळ उत्तर क्वचित मिळते. बहुतेक लेखन बाख, मोझार्ट, बेथोव्हन अशा रचनाकारांच्या चरित्रांत रमते. जो माणूस स्वतः एकही सूर काढत नाही आणि तरी ज्याच्या नावावर तिकिटे खपतात, त्याच्या धंद्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. या पुस्तकाने तो धंदा समजावून घ्यायचा प्रयत्न केला आहे, म्हणून मी प्रस्तावनेला होकार दिला.

माझे एक मत आधीच सांगून टाकतो. मेहतांना ओळखायचे तर सिम्फनीच्या झगझगीत मंचावरून ओळखू नये. ऑपेराच्या रंगमंचापुढे जो खोल खड्डा असतो, तिथे उतरून ओळखावे. (खड्डा म्हटल्यावर पुणेकराने लगेच महापालिकेची आठवण काढू नये.) मंचावरचा कंडक्टर सेनापतीसारखा दिसतो. पाठ आपल्याकडे, समोर शंभर वादक, हाताच्या एका झटक्यात ढगांचा गडगडाट. खड्ड्यात तोच माणूस अंधारात असतो, प्रेक्षकांना त्याचे फार तर डोके दिसते, आणि त्याची सगळी मेहनत वर उभ्या असलेल्या गायकाला सांभाळण्यात खर्ची पडते. तिथे तो साथीदार असतो. साथ काय चीज आहे हे मात्र मराठी माणसाला कोणी शिकवायला नको.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात, आनंदोद्भव नाट्यगृहात, ‘संगीत शाकुंतला’च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग केला. तिथून पुढे पन्नास वर्षे या भागातल्या माणसाने गाणारे नाटक पाहिले, ऐकले, त्यापायी झोप आणि पैसा घालवला. गंधर्व नाटक मंडळीत कांबळे ऑर्गनवर, कादरबक्ष सारंगीवर आणि थिरकवा तबल्यावर असत. बालगंधर्व पद रंगवीत असताना ही मंडळी काय करत होती? गायक कुठे श्वास घेणार, कोणत्या जागेवर रेंगाळणार, समेवर आज थेट येणार की हुलकावणी देणार, याचा अंदाज क्षणभर आधी बांधत होती. नाटक पुढे नेणे आणि गायकाला मोकळे सोडणे ही दोन्ही कामे एकाच वेळी चालत. ऑपेरातला कंडक्टरही हेच करतो. फरक संख्येचा आहे आणि त्या संख्येतूनच त्याची गरज निर्माण होते. तीन साथीदार गायकाच्या तोंडाकडे पाहून वाजवू शकतात. ऐंशी वादक नाही पाहू शकत. खड्ड्यात बसलेल्या बऱ्याच जणांना गायक दिसत नाही आणि शेजारी पितळी वाद्ये गर्जत असताना तो धड ऐकूही येत नाही. त्यातून पडद्यामागे कोरस असेल तर त्यांचा आवाज पोचायला किंचित उशीर होतो, म्हणून त्यांना किंचित आधी उठवावे लागते. गायकाचा श्वास या सगळ्यांपर्यंत हाताने पोचवणारा कोणी तरी लागतो.

अशी साथ झुबिनच्या घरातच होती. वडील मेहली मेहता (१९०८–२००२) व्हायोलिनवादक. १९३५ साली त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. पुढच्याच वर्षी, २९ एप्रिल १९३६ रोजी, झुबिनचा जन्म. मुंबईतल्या अशा वाद्यवृंदांचा कणा गोमंतकीय वादकांचा होता. चर्चच्या शाळेत सॉलफा (पाश्चात्त्य सरगम) शिकून आलेली, रात्री हॉटेलात आणि दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवणारी ही माणसे. हिंदी चित्रपटसंगीतातला भरगच्च वाद्यमेळ त्यांच्याच हातचा. ज्यांचे नाव एका गाण्यामुळे घरोघर गेले ते माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस १९५८ साली मुंबईत स्वतःचा वाद्यवृंद उभारून लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना त्यात गायला लावतात, ही गोष्ट याच परंपरेतली. तिच्यावर मराठीत वेगळे पुस्तक व्हायला हवे. इथे एवढेच सांगायचे की मुलाच्या कानावर लहानपणापासून तालमी पडत होत्या. तालीम ऐकत वाढलेला आणि मैफल ऐकत वाढलेला, या दोन कानांत फरक पडतो. वडील १९४५ साली शिकायला न्यूयॉर्कला गेले, काही वर्षांनी परतले, पुढे कायमचे परदेशी गेले. मुलाने सेंट झेवियर्समध्ये वैद्यकाच्या तयारीचा अभ्यास सुरू केला. प्रयोगशाळेत मासा कापायचे जिवावर आले आणि १९५४ साली, अठराव्या वर्षी, त्याने व्हिएन्ना गाठले.

व्हिएन्नात गुरू मिळाले हान्स स्वारोव्स्की. वाद्य म्हणून झुबिनने डबल बास घेतला. वाद्यवृंदाच्या तळाशी, मागे उभे राहून सगळ्यांचा भार वाहणारे हे वाद्य. पण मला अधिक मोलाची वाटते ती त्याची आणि क्लाउदिओ अब्बादोची युक्ती. अब्बादो मिलानचा, वयाने तीन वर्षांनी मोठा, पुढे ला स्कालाचा आणि बर्लिन फिलहार्मनिकचा प्रमुख झालेला इटालियन. कारायान, ब्रुनो वॉल्टर अशा बड्या कंडक्टरांच्या तालमींना बाहेरच्या विद्यार्थ्यांना मज्जाव होता. तेव्हा हे दोघे सरळ कोरसमध्ये भरती झाले. खर्जातल्या आवाजांच्या रांगेत उभे राहून गात, आणि गाताना समोरून उस्तादांचे हात बघत. आपल्याकडे गुरूच्या मागे तानपुऱ्यावर बसायला मिळावे म्हणून शिष्य वर्षानुवर्षे जी धडपड करत, तीच ही. प्रेक्षकाला कंडक्टरची पाठ दिसते, या दोघांनी चेहरा पाहिला. १९५६च्या उन्हाळ्यात दोघे सिएनाच्या कीजाना अकादमीत आल्चेओ गाल्लिएरांच्या वर्गात एकत्र होते. १९५८ साली लिव्हरपूलची कंडक्टरांची स्पर्धा मेहतांनी जिंकली.

इटलीत कंडक्टर घडतो तो बहुधा ऑपेरागृहाच्या पोटात. पियानोवर बसून गायकांकडून पदे बसवून घ्यायची, कोरसला शिकवायचे, मुख्य कंडक्टर आजारी पडायची वाट पाहायची. किंवा तोस्कानिनीसारखे व्हायचे: १८८६ साली रिओ द जानेरोत, एकोणीस वर्षांचा हा चेलोवादक ऐनवेळी उभा राहिला आणि समोरची स्वरलिपी मिटून अख्खा ‘आयदा’ त्याने पाठ चालवला. इटालियन माणसाच्या लेखी ऑपेराचा कंडक्टर म्हणजे आधी गाण्याचा जाणकार. मेहता त्या वाटेने आले नाहीत. त्यांचे शिक्षण जर्मन घराण्याचे, ब्राम्स आणि ब्रुकनरचे. तरी पहिला ऑपेरा त्यांनी हाती घेतला तो इटालियन: १९६३ साली माँट्रियलमध्ये पुच्चीनीचा ‘तोस्का’. १९६५च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात पदार्पण केले तेही व्हेर्दीच्या ‘आयदा’ने. ब्रुकनरची भरीव, संथ वीण आणि इटालियन गळ्याचा तोरा यांची जी सांगड त्यांनी घातली ती या पुस्तकाचा गाभा आहे.

तिचा अस्सल नमुना ऐकायचा तर पुच्चीनीच्या ‘तुरांदोत’चे १९७२ सालचे डेक्काचे ध्वनिमुद्रण लावावे. लंडन फिलहार्मनिक, जोन सदरलंड, पावारोत्ती, मोंत्सेरात काबाये. गंमत अशी की सदरलंड यांनी नायिका तुरांदोतची भूमिका रंगमंचावर कधीच केली नाही, आणि पावारोत्तीने नायक कालाफ रंगमंचावर उभा केला तो पाच वर्षांनी, सॅन फ्रान्सिस्कोत. म्हणजे दोघेही त्या भूमिकांत नवखे, आणि आवाज परंपरेने मागितले त्यापेक्षा हलक्या वजनाचे. वाद्यवृंद मात्र अवाढव्य. पुच्चीनीने चिनी घंटांपासून पितळी कर्ण्यांपर्यंत काही शिल्लक ठेवलेले नाही. आता तिसऱ्या अंकातले कालाफचे प्रसिद्ध पद ऐका. रात्र आहे. गायक हळू सुरू करतो. मुख्य चाल आली की तंतुवाद्ये त्याच्याबरोबर तीच चाल वाजवू लागतात, जशी आपल्याकडे पेटी गायकामागून तीच ओळ धरते. पेटीवाला अनाडी असेल तर गायक झाकला जातो, इथे तर पन्नास पेट्या आहेत. मेहता तंतुवाद्यांना आवाजाच्या खाली अंथरतात. चाल वर चढते तशी ती फुगतात, पण गायकाच्या एक पाऊल मागे राहून. मध्ये दुरून स्त्रियांचा कोरस येतो, धुरासारखा. मग अखेरचा वरचा स्वर. पुच्चीनीने तो कागदावर अगदी आखूड लिहिला आहे. गायक तो लांबवतात, पावारोत्ती तर लांबवतोच. त्या वेळी वाद्यवृंदाने थांबायचे किती, आणि खालच्या स्वरावर गायक उतरला की त्याला झेलायचे कुठे? तो उतरतो आणि वाद्यवृंद तिथे हजर असतो. मेहतांशिवाय मंडळी वाजवायची थांबली नसती. पण तिथे, त्या क्षणी, हजर नसती.

याच पदाला जोडून एक भानगड आहे, ती पुण्याच्या प्रेक्षकाला नीट कळेल. ऑपेरात हे पद संपत नाही. पुच्चीनीने तिथे थांबाच ठेवलेला नाही, संगीत सरळ पुढच्या प्रसंगात घुसते. मैफलीत गातात तेव्हा शेवट वेगळा जोडून घ्यावा लागतो. पण नाट्यगृहात टाळ्यांचा पाऊस पडला तर? थांबायचे की पुढे जायचे हे खड्ड्यातल्या माणसाने ठरवायचे. आपल्या नाट्यगृहांनी ‘वन्समोअर’चा छळ आणि आनंद दोन्ही भरपूर भोगले आहेत, एकेका पदाला चार-चार वन्समोअर घेऊन नाटक पहाटेपर्यंत लांबल्याच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात. इटलीतही तोच सोस. तोस्कानिनीने तो मोडायला घेतला. १९०३ साली ला स्कालात व्हेर्दीच्या ‘मास्केरा’च्या प्रयोगात प्रेक्षक पुन्हा-पुन्हा मागू लागले तेव्हा तो चिडून निघून गेला आणि पुढची काही वर्षे तिथे फिरकला नाही. त्यानेच १९२६ साली ‘तुरांदोत’चा पहिला प्रयोग चालवला, आणि दोन वर्षांपूर्वी वारलेल्या पुच्चीनीने जिथवर लिहिले होते तिथे काठी खाली ठेवून प्रयोग थांबवला. अशा कडक सोवळ्याची मेहतांना कधीच आवड नव्हती. रसिकांना हवे ते द्यायला त्यांनी कमीपणा मानला नाही. त्यांच्यावरच्या टीकेचे मूळ इथेच आहे आणि माझ्या मते त्यांच्या यशाचेही.

७ जुलै १९९० ची रोमची रात्र त्याच स्वभावातली. विश्वचषक फुटबॉलच्या अंतिम सामन्याची आदली संध्याकाळ, काराकाल्लाच्या प्राचीन स्नानगृहांचे अवशेष, फ्लॉरेन्स आणि रोम इथल्या दोन ऑपेरांचे वाद्यवृंद एकत्र आणि पुढे तीन टेनर, म्हणजे वरच्या पट्टीचे पुरुषगायक: पावारोत्ती, दोमिंगो आणि रक्ताच्या कर्करोगातून उठलेला कारेरास. त्या मुद्रणाने अभिजात संगीताच्या विक्रीचे विक्रम मोडले. जगातल्या असंख्य लोकांनी मेहतांना पहिल्यांदा पाहिले ते तिथे, पंक्तीत तीन हट्टी जावयांना एकदम वाढणाऱ्या यजमानासारखे घामाघूम आणि हसतमुख. कार्यक्रम मजेचा होता. त्यावरून त्यांची किंमत करू नये एवढेच म्हणतो. त्यांची कसोटी पाहायची तर दोन वर्षांनी रोममध्येच झालेला प्रयोग बघावा.

१९९२च्या जुलैत आंद्रेआ आंदेरमान नावाच्या निर्मात्याने ‘तोस्का’ थेट प्रक्षेपित केला. कथेत जी ठिकाणे आहेत तिथेच, आणि कथेत जी वेळ आहे त्याच वेळी. पहिला अंक सांत आंद्रेआ देल्ला वाल्ले या चर्चमध्ये दुपारी, दुसरा फार्नेझे राजवाड्यात रात्री, तिसरा कास्तेल सांतांजेलो किल्ल्याच्या गच्चीवर पहाटे. कॅथरीन माल्फितानो, दोमिंगो, रुज्जेरो राइमोंदी हे गायक त्या ठिकाणी. मेहता आणि इटालियन रेडिओचा वाद्यवृंद शहरात दुसरीकडेच. गायकांना वाद्यवृंद दिसत नाही, वादकांना गायक दिसत नाहीत. दुवा म्हणजे लपवलेले पडदे आणि कानातली यंत्रे. किल्ल्यावरच्या वाऱ्यात पहाटे सहाला माणूस गातो आहे आणि तिथून दूर, बंद खोलीत, दुसरा माणूस त्याच्या श्वासाबरोबर हात उचलतो आहे. एकही चूक दुरुस्त करायची सोय नाही, सगळे थेट घरोघरी दिसत आहे. साथीची याहून अवघड परीक्षा मला सुचत नाही. २००० साली आंदेरमान आणि मेहता या जोडीने पॅरिसमध्ये ‘ला त्राव्हियाता’ केला.

या सगळ्याचा पाया फ्लॉरेन्समध्ये होता. तिथला वाद्यवृंद १९२८ साली विट्टोरिओ गुई या इटालियन कंडक्टरने उभारला आणि त्यातूनच १९३३ मध्ये ‘माज्जो म्युझिकाले फिओरेंतिनो’ हा संगीत-महोत्सव निघाला. रिकार्दो मुती तिथे १९८० पर्यंत होते. १९८५ साली मेहता प्रमुख झाले आणि २०१७ पर्यंत राहिले. बत्तीस वर्षे. इटलीतले सरकारी ऑपेरागृह म्हणजे संप, रिकामी तिजोरी आणि राजकारण. आपल्या नाट्यगृहांचे व्यवहार पाहिलेल्याला ते परके वाटणार नाही. तिथे परदेशी माणसाने इतका काळ टिकणे हीच एक कामगिरी. व्हेर्दी आणि पुच्चीनी तर झालेच, वाग्नरची चार रात्रींची ‘रिंग’ही त्यांनी त्या शहराला दाखवली, आणि चिनी चित्रपट-दिग्दर्शक झांग यिमोऊला ऑपेरात ओढून १९९८ साली ‘तुरांदोत’ बीजिंगला नेला, राजवाड्याच्या आवारात. २०२१ साली त्या नाट्यगृहातल्या नव्या सभागृहाला झुबिन मेहतांचे नाव दिले गेले. वारसा आणि नामकरणे याबाबत इटालियन फार उदार नसतात.

बाकी कारकीर्द मी भरभर सांगतो, कारण पुस्तकात ती तपशिलाने आहे. माँट्रियल १९६१ पासून. लॉस एंजेलिस १९६२ ते १९७८. तिथले नियोजित प्रमुख जॉर्ज शोल्टी यांना न विचारता मेहतांची नेमणूक झाली, शोल्टींनी राजीनामा फेकला आणि सव्विसाव्या वर्षी या मुलाच्या हाती अमेरिकेतला मोठा वाद्यवृंद आला. न्यूयॉर्क १९७८ ते १९९१. तिथल्या समीक्षकांनी त्यांना सुखाने बसू दिले नाही आणि त्यांचे सगळेच म्हणणे चुकीचे होते असे मला वाटत नाही, बेथोव्हनचे काही प्रयोग खरोखर सरधोपट आहेत. पण त्याच काळात रविशंकरांचा दुसरा सतार-कॉन्चेर्तो, ‘रागमाला’, त्यांनी १९८१ साली मंचावर आणला. इस्रायल फिलहार्मनिकशी तर पन्नासेक वर्षांचा संसार, २०१९ साली निवृत्ती. १९८१ साली तेल अवीवमध्ये, तिथे वर्ज्य मानलेला वाग्नर वाजवायचा हट्ट धरला आणि सभागृहात गोंधळ झाला. १९९४ साली सारायेव्होच्या जळक्या ग्रंथालयात मोझार्टचा ‘रेक्विएम’ वाजवला. म्युनिकचा बव्हेरियन स्टेट ऑपेरा १९९८ ते २००६.

भारतात ते येत राहिले: १९८४ साली न्यूयॉर्कचा वाद्यवृंद घेऊन, १९९४ साली इस्रायलचा घेऊन, २००५च्या डिसेंबरात त्सुनामीच्या वर्षश्राद्धाला चेन्नईत, ऑगस्ट २०२३ मध्ये, सत्त्याऐंशीव्या वर्षी, मुंबईच्या एनसीपीएत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियासमोर. २०१३चा श्रीनगरचा शालिमार बागेतला कार्यक्रम मात्र मला रुचलेला नाही. निमंत्रितांसाठी बंदोबस्तात मैफल आणि शहरात बंद, शिवाय निषेध म्हणून वेगळी मैफल. सद्हेतू होता, जागा चुकली. पुस्तकाने या प्रसंगाला चार ओळींत गुंडाळले आहे, जास्त जागा द्यायला हवी होती.

पुण्यात ते संगीत अगदीच परके नाही. कॅम्पातल्या मझदा हॉलमध्ये पियानो-व्हायोलिनच्या मैफली होत आल्या आहेत. पेठांतल्या रसिकाला त्यांचा पत्ता नसतो आणि कॅम्पातल्या रसिकाला ‘मानापमान’चा नसतो, हे या शहराचे जुने दुखणे. मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये ऑपेरा फारसा झाला नाही, बालगंधर्व मात्र गाऊन गेले. दोन्ही बाजूंना गाणारे नाटकच प्रिय होते, ही ओळख मराठी वाचकाला उशिरा का होईना पटावी.

वाचणाऱ्याला एक विनंती. पहिल्या प्रकरणापासून क्रमाने सुरुवात करू नका. आधी १९७२चा ‘तुरांदोत’ शोधा, आजकाल फोनवर सहज मिळतो, आणि तिसऱ्या अंकाची पहिली दहा मिनिटे दोनदा ऐका. पहिल्यांदा गायकाकडे कान द्या, दुसऱ्यांदा त्याच्याखालच्या व्हायोलिनांकडे. मग फ्लॉरेन्सचे प्रकरण वाचा. बालपण आणि पुरस्कार शेवटी वाचले तरी काही बिघडत नाही.